‘चांगले गुण’ म्हणजे नेमके किती?

नीट परीक्षेत ७२० पैकी ६०० गुण. चांगले की बेताचे? या प्रश्नावर जाणकार माणूस आधी उलट प्रश्न करील, ‘‘कोणत्या वर्षीचे?’’ कारण २०२४ मध्ये ६०० गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या पुढे देशभरात सुमारे ऐंशी हजार विद्यार्थी होते. २०२५ मध्ये त्याच ६०० गुणांच्या पुढे होते सुमारे तेराशे. पहिल्या वर्षी महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गातल्या मुलाला एवढ्या गुणांवर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडणे अवघड होते. दुसऱ्या वर्षी त्याच गुणांवर त्याला देशातल्या नामांकित महाविद्यालयांमधून निवड करता आली असती.

जून महिन्यात निकाल लागले की धुळे आणि शिरपूरच्या दरम्यान महामार्गावर वसलेल्या नरडाण्यासारख्या गावात ‘‘कितला मार्क पडनात?’’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून रेल्वे स्टेशनच्या फलाटापर्यंत कानावर पडतो. उत्तरात एक आकडा येतो आणि त्या आकड्यावरून पोराची किंमत ठरते. शेजारच्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी किती होते, मामाच्या मुलीला किती होते, याच्याशी तुलना होते. त्याच आकड्यावर घरातले पुढचे निर्णय उभे राहतात: आणखी एक वर्ष द्यायचे का, क्लासची फी भरायची का, जमिनीचा तुकडा विकायचा का, पोरीला लांब ठेवायचे का. म्हणून हा आकडा वाचायचा कसा, हे समजून घेणे घरातल्या प्रत्येकाच्या हिताचे आहे.

आकड्याला संदर्भ लागतो

रक्ततपासणीच्या अहवालात हिमोग्लोबिन ११ आले, तर ते चांगले की वाईट? गरोदर बाईचे असेल तर डॉक्टर म्हणतात, ठीक आहे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे असेल तर कमी आहे, कारण तिच्यासाठी मर्यादा १२ ची आहे. प्रौढ पुरुषाचे असेल तर आणखी कमी, कारण त्याची मर्यादा १३ ची. आकडा तिन्ही ठिकाणी एकच, अर्थ तीन.

प्रवेश परीक्षेच्या गुणांचेही असेच आहे. शाळेच्या परीक्षेत ३५ ला पास आणि ७५ च्या पुढे विशेष प्रावीण्य, हे ठरलेले असते. वर्गातली सगळीच मुले पास झाली, तरी कोणाचे काही बिघडत नाही. प्रवेश परीक्षेचे काम वेगळे असते. जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, त्यामुळे सगळ्यांना एका रांगेत उभे करणे एवढेच तिचे काम. तिथे आपल्याला किती मिळाले यापेक्षा आपल्यापुढे किती जण उभे आहेत, याला महत्त्व येते.

खान्देशातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजवावे लागत नाही. कापसाचा धागा गेल्या वर्षीइतकाच चांगला असतो, वजनही तेवढेच भरते. पण भाव ठरतो तो त्या हंगामातल्या आवकेवर आणि मागणीवर. गेल्या वर्षीचा भाव सांगून कोणी व्यापारी पैसे देत नाही. तसेच गेल्या वर्षीचे गुण दाखवून कोणते महाविद्यालय जागा देत नाही. कागद सोपा निघाला की सगळ्यांचेच गुण वर सरकतात, अवघड निघाला की सगळ्यांचेच खाली येतात. २०२४ मध्ये देशात ६५० किंवा त्याहून जास्त गुण मिळवणारे तीस हजारांच्या आसपास होते. २०२५ चा भौतिकशास्त्राचा भाग कठीण होता. त्या वर्षी ६५० च्या पुढे शंभर विद्यार्थीसुद्धा नव्हते आणि देशात पहिला आलेल्या मुलाचे गुण होते ६८६. एका वर्षात मुलांची बुद्धी कमी झाली, असा याचा अर्थ कोणी काढणार नाही.

टक्के वेगळे, पर्सेंटाइल वेगळे

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो ‘पर्सेंटाइल’ या शब्दाने. ऐकायला तो टक्क्यांसारखा वाटतो, पण त्याचा मिळालेल्या गुणांशी थेट संबंध नसतो. शंभर परीक्षार्थींपैकी किती जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, एवढेच पर्सेंटाइल सांगते. ९० पर्सेंटाइल म्हणजे दर शंभरात नव्वद जण तुमच्या बरोबरीचे किंवा मागे आणि दहा जण पुढे. पेपरात १०० पैकी ९० गुण मिळाले, असा त्याचा अर्थ होत नाही. कागद अवघड असेल तर निम्मे गुण मिळवूनही मुलगा ९० पर्सेंटाइलच्या पुढे जाऊ शकतो.

हा शब्द रूढ झाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, माणसांची उंची, वजन, ताकद मोजण्याच्या नादातून. इंग्लंडमधले फ्रान्सिस गाल्टन हे त्याचे जनक मानले जातात. आजही बालरोगतज्ज्ञ मुलांच्या वाढीच्या तक्त्यावर तो रोज वापरतात. मुलाची उंची दहाव्या पर्सेंटाइलला असेल तर डॉक्टर त्याला ‘नापास’ म्हणत नाहीत. शंभर मुले उंचीप्रमाणे उभी केली तर हा दहाव्या क्रमांकाच्या आसपास येईल, इतकेच त्यातून कळते. आईवडील बुटके असतील आणि मूल आपल्या रेषेवरून वर्षानुवर्षे नीट वाढत असेल, तर ते निरोगी आहे.

महाराष्ट्राच्या सीईटीत पर्सेंटाइल का वापरतात, यालाही कारण आहे. ही परीक्षा संगणकावर, अनेक दिवस, अनेक सत्रांत होते. एका सत्राचा कागद थोडा सोपा, दुसऱ्याचा थोडा अवघड निघणारच. सकाळच्या सत्रातले १२० गुण आणि चार दिवसांनंतरच्या सत्रातले १२० गुण सरळ एकमेकांशी ताडले तर एकावर अन्याय होईल. म्हणून प्रत्येक मुलाची तुलना आधी त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात आणि मग सगळ्या सत्रांची पर्सेंटाइल एकत्र करून यादी लावतात. केंद्राच्या जेईई मेन परीक्षेतही हीच रीत आहे. तिथे पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात अंकांपर्यंत देतात, कारण एकेका दशांशात माणसे दाटलेली असतात.

ही दाटी किती, तेही पाहू. २०२५ च्या सीईटीला भौतिक, रसायन आणि गणित या गटात सुमारे सव्वाचार लाख मुले बसली होती. म्हणजे एका पर्सेंटाइलमागे चार हजारांहून जास्त मुले. ९९ पर्सेंटाइल ऐकायला जवळजवळ पूर्ण वाटते, पण पुढे सुमारे चार हजार जण असतात. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये खुल्या प्रवर्गातून संगणक शाखा हवी असेल, तर ९९ सुद्धा अपुरे पडते. ९० पर्सेंटाइलच्या पुढे चाळीस हजारांहून अधिक मुले असतात. पण राज्यात अभियांत्रिकीच्या जागा दोन लाखांच्या घरात आहेत, हे लक्षात घेतले की त्याच ९० कडे पाहायची नजर बदलते. सत्तर पर्सेंटाइलच्या मुलालाही कुठे ना कुठे जागा मिळू शकते. कोणते महाविद्यालय आणि कोणती शाखा, एवढाच प्रश्न उरतो.

तुलना कोणाशी?

पर्सेंटाइल पाहताना ते कोणत्या गर्दीतले आहे, हेही विचारायला हवे. सीईटीचा गणिताचा गट वेगळा, जीवशास्त्राचा वेगळा. एका गटातले ९५ आणि दुसऱ्यातले ९५ सारखे धरता येत नाहीत. जेईई मेनला २०२५ मध्ये देशभरातून पंधरा लाखांच्या आसपास विद्यार्थी होते. तिथले ९० पर्सेंटाइल म्हणजे पुढे दीड लाख मुले. पण ती गर्दी देशभरातून वर्षानुवर्षे तयारी करून आलेली. तिथे ८५ आणि सीईटीला ९४ असे एकाच मुलाला मिळाले, तर त्याने एका ठिकाणी कमी अभ्यास केला, असे म्हणता येत नाही.

गावातल्या हुशार मुलांना याचाच सर्वांत मोठा धक्का बसतो. दहावीपर्यंत शाळेत पहिला, बारावीला ८५ टक्के आणि प्रवेश परीक्षेत ७८ पर्सेंटाइल. घरचे म्हणतात, ‘‘पोरगं शहरात जाऊन बिघडलं.’’ प्रत्यक्षात बदलली ती रांग. शाळेत तो साठ जणांत पहिला होता. आता तो चार लाखांत उभा आहे आणि त्यातही तीन लाखांहून अधिक जणांच्या पुढे आहे. बोर्डाच्या परीक्षेत लिहून उत्तर द्यायचे असते, इथे ठरलेल्या वेळात पर्याय निवडायचे असतात. सीईटीत ऐंशी टक्के भार बारावीचा आणि वीस टक्के अकरावीचा असतो. ग्रामीण भागात अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष, असा जो समज आहे, तो इथे महागात पडतो.

‘पात्र’ म्हणजे प्रवेश नव्हे

नीटच्या गुणपत्रिकेवर ‘पात्र’ असा शेरा आला की अनेक घरांत पेढे वाटले जातात. हा शेरा नेमका काय सांगतो? खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराने ५० वे पर्सेंटाइल गाठले आणि राखीव प्रवर्गातल्याने ४० वे, की तो पात्र. म्हणजे रांगेच्या साधारण मध्यावर उभा असलेला प्रत्येक जण पात्र ठरतो. खुल्या प्रवर्गासाठी ही रेषा २०२० मध्ये १४७ गुणांवर होती, २०२१ मध्ये १३८, २०२२ मध्ये ११७, २०२३ मध्ये १३७, २०२४ मध्ये १६२ आणि २०२५ मध्ये १४४. सातशेवीसपैकी १४४ म्हणजे अवघे वीस टक्के. २०२५ मध्ये बावीस लाखांहून अधिक मुले परीक्षेला बसली आणि त्यातली बारा लाख छत्तीस हजार पात्र ठरली. देशात एमबीबीएसच्या जागा मात्र सव्वा लाखाच्या आसपास आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. दहा पात्र विद्यार्थ्यांमागे एक जागा, असे हे प्रमाण.

सरकारी जागेची खरी रेषा याहून पुष्कळ वर असते. महाराष्ट्रात खुल्या प्रवर्गासाठी ती २०२४ मध्ये सहाशेच्या बरीच पुढे होती आणि २०२५ मध्ये पाचशेच्या आगेमागे. पात्रतेची रेषा आणि प्रवेशाची रेषा यांच्यामधल्या या मोठ्या पट्ट्यात लाखो कुटुंबे अडकतात आणि दलालांचे फोन याच पट्ट्यात येऊ लागतात. ‘‘तुमचा मुलगा पात्र आहे, फक्त व्यवस्था करावी लागेल.’’ अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे जाते. परदेशातला पर्याय स्वस्त म्हणून सांगितला जातो. पण तिथून परतल्यावर भारतात काम करण्यासाठी ३०० पैकी किमान १५० गुणांची एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि तिच्यात बहुतेक वेळा निम्म्याहून बरेच जास्त उमेदवार अनुत्तीर्ण होतात. कर्ज काढण्याआधी घरातल्या सर्वांना हा आकडा माहीत हवा.

गुणांइतकीच कागदांची किंमत

राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा देशपातळीवर भरतात आणि ८५ टक्के राज्यातल्या मुलांसाठी असतात. पूर्वी महाराष्ट्रात याच्या पोटात आणखी एक वाटणी होती. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग करून त्या त्या भागातल्या मुलांना ७० टक्के जागा मिळत. खान्देश उर्वरित महाराष्ट्रात मोडत असे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने ही पद्धत बंद केली आणि सगळ्या राज्याची एकच यादी लागू लागली. त्याआधीच्या वर्षांतले ‘‘आमच्या भाच्याला एवढ्यात मिळाले होते’’ हे दाखले म्हणूनच आता कामाचे नाहीत.

या ८५ टक्क्यांत बसण्यासाठी, काही अपवाद वगळता, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते आणि अधिवास प्रमाणपत्र लागते. गुजरात आणि मध्य प्रदेशाच्या सीमा जवळ असलेल्या धुळे-नंदुरबार पट्ट्यात हे विशेष महत्त्वाचे आहे. क्लाससाठी मुलाला कोटा किंवा सुरतला पाठवले आणि बारावीही तिथल्याच शाळेतून दिली, तर चांगले गुण मिळूनही घरच्या राज्याची जागा हातची जाऊ शकते. प्रवेशाच्या आधी हे कोणी सांगत नाही, नंतर सांगून उपयोग नसतो.

प्रवर्गाची रेषाही वेगळी असते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याने आपले गुण खुल्या प्रवर्गाच्या यादीशी ताडून निराश होण्याचे कारण नाही. त्याने आपल्या प्रवर्गाची गेल्या वर्षीची शेवटची जागा कोणत्या क्रमांकावर भरली, ते पाहावे. मात्र जात वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर राखीव जागेवरचा दावा अडचणीत येतो. तो अर्ज निकालानंतर नव्हे, अकरावीतच करून ठेवायचा असतो. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला यांचेही तसेच.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. म्हणजे एखाद्या मुलीचे पर्सेंटाइल जेमतेम असले, तरी फेरीत राहून मिळालेली जागा ही पैसे भरून घेतलेल्या ‘चांगल्या’ जागेपेक्षा घराला कितीतरी परवडते.

एका प्रश्नाची किंमत

कोणतेही मोजमाप थोडे इकडेतिकडे होतेच. रक्तदाब सकाळी १३४ आणि संध्याकाळी १४२ येतो. म्हणून एका नोंदीवरून डॉक्टर जन्मभराची गोळी सुरू करत नाहीत, पुन्हा मोजतात. नीट मात्र एकाच मोजणीवर निकाल लावते. म्हणून तिच्यातला छोटा फरक माणसाच्या योग्यतेतला फरक मानायचा नसतो.

२०२४ च्या नीटने याचा मोठा धडा दिला. लोकसभेच्या निकालाच्याच दिवशी, ४ जूनला, नीटचा निकाल लागला आणि ६७ जणांना पूर्ण ७२० गुण मिळाल्याचे दिसले. भौतिकशास्त्रात अणूबद्दलच्या दोन विधानांचा एक प्रश्न होता. जुन्या पाठ्यपुस्तकातल्या वाक्याप्रमाणे त्याचे एक उत्तर निघत होते, नव्या पुस्तकाप्रमाणे दुसरे. आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीतल्या तज्ज्ञांचे मत मागवले, त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवले. चार लाखांहून अधिक मुलांचे पाच-पाच गुण गेले: चार मिळालेले परत आणि चुकीच्या उत्तराचा एक वजा. २६ जुलैला सुधारित निकाल लागला, तेव्हा ७२० गुणांचे ६७ जण उरले १७.

पाच गुणांनी काय होते? त्या वर्षी ६०० ते ६५० च्या दरम्यान एकेका गुणावर सरासरी हजार मुले होती. म्हणजे पाच गुणांत क्रमांक पाच हजारांनी मागे जातो. ज्या मुलीचे दार त्या पाच हजारांत बंद झाले, ती त्याआधीच्या दिवशी होती तेवढीच हुशार दुसऱ्या दिवशीही होती. जुने पुस्तक वाचणे हा काही तिचा दोष नव्हता. ग्रामीण भागात थोरल्या भावंडांची पुस्तके वापरणे हीच रीत असते. यातून व्यवहाराची गोष्ट एवढीच घ्यायची की चालू वर्षाचे पाठ्यपुस्तक हाती असावे. समजुतीची गोष्ट अशी की दहा-पंधरा गुणांच्या फरकावरून मुलांची प्रतवारी लावू नये.

पुन्हा वर्ष द्यायचे का?

नीटला वयाची वरची मर्यादा नाही आणि किती वेळा बसायचे यावरही बंधन नाही. त्यामुळे ‘अजून एक वर्ष’ हा पर्याय कायम खुला असतो आणि तीच अडचण होते. इथे वाढीच्या तक्त्याची रीत उपयोगी पडते. बालरोगतज्ज्ञ एका दिवसाचे वजन पाहून ठरवत नाहीत, गेल्या अनेक महिन्यांची रेषा पाहतात. मुलाच्या वर्षभरातल्या सराव परीक्षांचे आकडे एका कागदावर तारखेप्रमाणे मांडावेत. त्यात गुणांबरोबर त्या परीक्षेतला क्रमांकही लिहावा. रेषा चढती असेल, प्रवेशाची रेषा हाताच्या अंतरावर असेल आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल, तर आणखी एका वर्षाला अर्थ आहे. रेषा दोन वर्षे सपाट असेल, अंतर दीड-दोनशे गुणांचे असेल आणि मूल फक्त घरच्यांच्या शब्दाखातर बसत असेल, तर तिसरे वर्ष त्या रेषेत फरक पाडण्याची शक्यता कमी.

नीटच्या गुणांवर एमबीबीएसशिवाय दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक या वाटाही उघडतात. सीईटीच्या जीवशास्त्र गटातून औषधनिर्माण आणि कृषी पदवीला जाता येते. शिरपूरचे औषधनिर्माण महाविद्यालय, धुळ्याचे कृषी महाविद्यालय, जळगावचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय हे सगळे नरडाण्यापासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. गावालगत औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे आणि तिला पदविका, पदवी झालेली माणसे लागतात. ‘सरकारी एमबीबीएस नाही तर काहीच नाही’ असे म्हणणारे घर एका परीक्षेवर मुलाचे सगळे आयुष्य पणाला लावते.

झोप, रक्त आणि मन

गुणांमागे शरीर असते, हे तयारीच्या दोन वर्षांत घरे विसरतात. तेरा ते अठरा वयात दिवसाकाठी आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसण्याचे काम मोठ्या प्रमाणात झोपेतच होते. पहाटे चारला उठवून रात्री बारापर्यंत बसवलेले मूल पुस्तकापुढे जास्त वेळ असते, शिकते मात्र कमी.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलांमध्येही हे प्रमाण ३१ टक्के होते. थकवा, चिडचिड, वाचलेले डोक्यात न शिरणे ही त्याची लक्षणे ‘आळस’ म्हणून खपून जातात. अकरावीत प्रवेश घेतानाच प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि डोळे तपासून घ्यावेत. लोहाच्या गोळ्या तिथे मोफत मिळतात. क्लासच्या फीच्या मानाने हा खर्च शून्य आहे.

तिसरी गोष्ट मनाची, आणि तिच्यात हयगय चालत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी जीवन संपवले आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. यामागे अनेक कारणे असतात, एकटी परीक्षा क्वचितच असते. पण निकालाचे दिवस जोखमीचे असतात, हे धरून चालावे. मूल जेवण टाळू लागले, रात्रभर जागू लागले, मित्रांशी बोलेनासे झाले, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागले, ‘‘मी तुमच्यावर ओझं आहे’’ असे बोलू लागले, तर ती नाटके समजू नयेत. त्याला एकटे सोडू नये. मनात जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तसे विचार डोक्यात भरवले जात नाहीत, उलट मूल मोकळे होते. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो, मराठीतही मिळतो. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे.

विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शाळा, महाविद्यालये आणि क्लास यांच्यासाठी सूचना घालून दिल्या. त्यांतली एक अशी की गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत आणि चारचौघांत त्यांचा पाणउतारा करू नये. क्लासने हे पाळायचे आहेच. घराने आणि गावानेही पाळायला हरकत नाही.

निकालाच्या दिवशी विचारायचे पाच प्रश्न

• हे गुण आहेत, टक्के आहेत की पर्सेंटाइल? क्रमांक किती आला?

• या क्रमांकावर आपल्या प्रवर्गात, आपल्या राज्यात गेल्या वर्षी कोणत्या महाविद्यालयात जागा मिळाली होती? गुण गुणांशी नव्हे, क्रमांक क्रमांकाशी ताडावा.

• अधिवास, जात वैधता, उत्पन्न हे दाखले हातात आहेत का? फेरीची शेवटची तारीख कोणती?

• या गुणांवर आणखी कोणते अभ्यासक्रम खुले होतात आणि त्यांतला कोणता मुलाला आवडतो?

• मूल जेवले का? झोपले का?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत आधी विचारावा. बाकीच्या चारांची उत्तरे शोधायला प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत काही आठवडे मिळतात. त्यांतून जी जागा मुलाला मिळते, जी फी घराला झेपते आणि जिथे मूल चार-पाच वर्षे टिकून शिकू शकते, ती मिळवून देणारे गुण त्या मुलासाठी चांगलेच म्हणायचे.